लाडकीबायचं दूध

माझी सून दुकानातून आणलेलं प्रत्येक पाकीट उलटं करते आणि मागचं बारीक छापलेलं वाचत बसते. आत काय काय घातलंय, कुठला रंग, कुठलं तेल. मला ते चष्मा लावूनही वाचता येत नाही, आणि आलं असतं तरी मी वाचलं नसतं. ती म्हणते, आई, तुम्हाला कशाची फिकीरच नाही. मी हसण्यावारी नेते. तिला कसं सांगू, की तिच्या निम्म्या वयाची होते तेव्हा मी अख्ख्या चाळीचं दूध तपासत होते, आणि त्यातच माझ्या हातून असं काही झालं की त्यानंतर कुठलंही अन्न तपासायला माझा हात उचलला जात नाही. हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही, आणि ते तर आता राहिलेही नाहीत.

भिवंडीत आमची चाळ दोन कारखान्यांच्या मधे होती. दोन्हीकडून लूमची खटखट चालू असायची, तिच्यातच आम्ही अभ्यास करायचो, भांडायचो, झोपायचो. आठवड्याच्या सुट्टीला लूम बंद पडले की मात्र आम्हाला चैन पडत नसे, आई म्हणायची, कान नुसते रिकामे झालेत. चाळीत बहुतेक घरं आमचीच, बौद्धांची. कुणी नगरपालिकेत, कुणी पोस्टात, कुणी शिवणकाम करणारं. बाबा एका प्रोसेसमध्ये कामाला होते. लूमवरून उतरलेलं कापड तिथे रंगवायला यायचं. विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला आधी खळ दिलेली असते, म्हणजे मक्याच्या नाहीतर कसल्यातरी पिठाची कांजी. ती खळ पुरती निघाल्याशिवाय कापडावर रंग बसत नाही, डाग पडतात. ती निघाली की नाही ते बघायचं काम बाबांचं. ओल्या कापडावर आयोडीनचा एक थेंब टाकायचा. थेंब निळा झाला तर खळ अजून आहे, परत धुवा. पिवळसर तपकिरी राहिला तर पास. दिवसभर बाबा हेच करायचे, त्यामुळे त्यांच्या उजव्या हाताची बोटं कायम तपकिरी असत आणि जेवायला बसले की आई त्या बोटांकडे बघून नाक मुरडत असे.

एकदा एका सुट्टीच्या दिवशी बाबा ती छोटी बाटली घरी घेऊन आले. आम्हाला गंमत दाखवायला, दुसरं काही नाही. भाताच्या शितावर थेंब टाकला, शीत निळंशार. बटाट्याची फोड निळी, भाकरीचा तुकडा निळा. आम्ही खिदळत होतो. आई म्हणाली, आता माझ्या दुधावर टाका, ते तरी पांढरं राहील. बाबांनी चमच्यात थोडं दूध घेतलं, स्टोव्हवर उकळलं, थंड होऊ दिलं आणि थेंब टाकला. दूध निळं झालं. आम्ही आणखी जोरात हसलो, पण बाबा हसले नाहीत. त्यांनी चमचा घासला, त्यात साधं पाणी घेऊन त्यावर आधी थेंब टाकून बघितला, तो पिवळाच राहिला. मग परत दूध घेतलं. परत निळं. असं तीनदा केलं आणि बाटलीला बूच लावून म्हणाले, ही खळ आहे, सुताला खळ देतात त्या सायझिंगच्या गोणीतलं पीठ आहे हे.

नाक्यावरच्या डेअरीचं ते दूध. आईला त्या दुधाचा केवढा अभिमान. पाहुण्यांना चहा देताना ती म्हणायची, दूध बघा किती दाट आहे, साय सुरीने कापावी लागते. माझा धाकटा भाऊ विजू तेव्हा अडीच वर्षांचा होता, भात तोंडात धरून बसायचा, म्हणून त्याला सकाळ-संध्याकाळ तेच दूध. त्याची तब्येत सुधारत का नाही म्हणून आईने दोन डॉक्टर केले होते. त्या दुपारी ती भांडी घासायला बसली आणि घासता घासता रडायला लागली. मी माझ्या हाताने कापडाची खळ पाजली पोराला, एवढंच म्हणत राहिली. बाबा तिच्या बाजूला उकिडवे बसून राहिले. ते नुसते भांडी विसळून देत होते.

तिथून आमच्या घरातली जेवणाची मजा गेली ती गेलीच. बाबांनी कुणाकुणाला विचारून आणखी तपासण्या शिकून घेतल्या. चहाची पूड ओल्या टीपकागदावर पसरायची, रंग सुटला तर ती कुठल्यातरी हॉटेलातली वापरून वाळवलेली आणि वरून रंगवलेली. लाल तिखट पाण्याच्या पेल्यात सोडायचं आणि तळाशी विटेची पूड बसते का बघायचं. आमच्याकडे ती बसली. त्या तिखटाची मटकी आम्ही आवडीने खात आलो होतो. शेजारपाजारचे लोक वाट्या घेऊन आमच्या दारात यायला लागले. विहारात रविवारी वंदनेनंतर बाबा उभे राहून सांगायचे, कुणी म्हणतं म्हणून मानू नका, स्वतः तपासा आणि मग माना, हेच आपल्याला शिकवलंय. मला तेव्हा बाबा फार मोठे वाटायचे. मी त्यांची मदतनीस झाले, आणि हळूहळू बाटली माझ्याच ताब्यात आली. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. थेंब टाकायच्या आधी सगळे श्वास रोखून माझ्या हाताकडे बघायचे आणि निळा रंग पसरला की समोरच्याचा चेहरा पडायचा. चौदाव्या वर्षी एवढी सत्ता हातात आली की माणूस बिघडतो, मी बिघडले होते. कमलकाकू, म्हणजे आमच्या शेजारीण, मला डॉक्टरीणबाई म्हणायच्या आणि मी ते चेष्टेत घेत नव्हते.

जवळपास डेअरीशिवाय दुसरं दूध मिळत नव्हतं. मग आली लाडकीबाय. दिघाशीच्या बाजूला डोंगराकडेला एक पाडा होता, तिथली ती. सकाळच्या पहिल्या एसटीने दुधाचा कॅन घेऊन यायची. काळीसावळी, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं आणि कॅनच्या तोंडाला बांधलेलं स्वच्छ फडकं. तिचं दूध पातळ होतं आणि त्याला चुलीच्या धुराचा वास यायचा. पहिल्या दिवशी आईने तोंड वाकडं केलं. पण मी थेंब टाकला आणि तो पिवळाच राहिला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, महिनाभर रोज. सबंध चाळीने डेअरी सोडून लाडकीबायचं दूध लावलं. विजूच्या गालावर खरोखरच मांस दिसायला लागलं. आई तिला घरात बसवून चहा द्यायची आणि ती बशीत फुर्र करून प्यायची.

तिला त्या तपासणीचा राग कधी आला नाही. उलट भारी हौस. कॅनच्या झाकणात घोटभर दूध ओतून द्यायची, ते स्टोव्हवर उकळून निवलं की माझ्यासमोर धरायची आणि म्हणायची, घाल बाय तुजा दवा. थेंब पिवळा राहिला की आजूबाजूला बघून सांगायची, लाडकीचा दूध पास. दोन म्हशी होत्या तिच्या. धार काढायची तिची सून, बेबी. सासूने सुनेचं कौतुक करावं असं आमच्या चाळीत कुणी ऐकलं नव्हतं, पण ही रोज करायची. थोरली म्हैस म्हणे दुसऱ्या कुणाला जवळ उभं करत नाही, बेबीचा हात लागला की पान्हा सोडते. बेबीला एक पोरगा होता, विजूएवढाच. आई कधी विजूचा आखूड झालेला सदरा द्यायची तर लाडकीबाय तो डोळ्यांना लावून पदरात बांधून न्यायची.

वैशाखातली पौर्णिमा आली. त्या दिवशी विहाराच्या अंगणात खीर करायची आणि सगळ्या वस्तीला वाटायची, हे दरवर्षीचं. बायकांची पांढरी लुगडी, पुरुषांचे पांढरे सदरे आदल्या दिवसापासूनच धुऊन, भाताच्या पेजेची खळ देऊन गॅलरीत वाळत पडलेले. आमच्या मोरीत बादल्या, टोप, भगोली, सगळ्यांत तीच पेज, हात लावाल तिथे बुळबुळीत. लाडकीबायने त्या दिवशी जास्तीचं दूध आणायचं कबूल केलं होतं. तिने आदल्या संध्याकाळपासून पाड्यावर कुणाला दूध दिलं नव्हतं. सकाळी ती दोन कॅन घेऊन आली, एक डोक्यावर, एक हातात. आमचं नेहमीचं अर्धा लिटर तिने आधी आईच्या पातेल्यात ओतलं, ते आईने चुलीवर तापवून झाकून ठेवलं, आणि मग आम्ही सगळे विहाराच्या अंगणात गेलो.

बाबा चुलाण्यासाठी दगड लावत होते. दूध टोपात ओतायच्या आधी तपासायचं हे ठरलेलंच. बाबा मला म्हणाले, आज तू कर, माझे हात मातीचे आहेत. आजूबाजूला पंधरावीस बाया पांढऱ्या लुगड्यांत उभ्या. मी घरी पळत जाऊन बाटली, स्टोव्ह आणि मोरीजवळ पालथं घातलेलं एक छोटं भगोलं घेऊन आले. लाडकीबायने नेहमीसारखं झाकण पुढे केलं होतं, पण मला त्या दिवशी सगळ्यांना दिसेल असं करायचं होतं. मी तिला भगोल्यात दूध ओतायला लावलं. बाबांनी शिकवलं होतं की भांडं आधी घासायचं, त्यात साध्या पाण्यावर थेंब टाकून बघायचा आणि मगच दूध घ्यायचं. बाया खोळंबल्या होत्या, ऊन चढत होतं, आणि रोज तर पासच होतं. मी पाण्याचं काही केलं नाही. दूध उकळलं, थंड केलं, थेंब टाकला.

दूध निळं झालं. गर्द नाही, पण निळं, सगळ्यांना दिसेल असं. कमलकाकू म्हणाल्या, बघा, ही पण तसलीच. मागून कुणी म्हणालं, सणाचा मोका साधला. बाबा हात झटकत आले आणि भगोल्यात बघत राहिले. त्यांना फार वाईट वाटलं ते मला दिसलं, तरी माझ्या मनात काय आलं असेल? पकडली. मी पकडली. मला स्वतःचा अभिमान वाटला. आज ते लिहिताना माझी मलाच शिसारी येते.

लाडकीबायने भांडण केलं नाही. तिने भगोलं दोन्ही हातांनी उचलून चेहऱ्याजवळ नेलं, बराच वेळ बघितलं आणि बाबांना विचारलं, "दादा, यो दवा खोटा तर न्हाय ना बोलत?"

बाबा म्हणाले, "नाही बाई. औषध खोटं बोलत नाही."

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "देवाच्या कामाला असला दूध नको." आणि तिने स्वतःच्या हाताने दोन्ही कॅन गटारात रिकामे केले. आम्ही सगळे बघत होतो. दूध गटारातून कारखान्याच्या भिंतीपर्यंत वाहत गेलं. तिने कॅन एकात एक अडकवले, फडकं खांद्यावर टाकलं आणि ती गाडीच्या थांब्याकडे गेली. खिरीसाठी मग दूध डेअरीतूनच आणलं, वेळ झाला होता म्हणून ते कुणी तपासलं नाही. खीर दाट झाली होती आणि सगळ्यांनी वाखाणली. बाबांनी चारचौघांत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, माझ्या पोरीला फसवणं सोपं नाही.

दुपारी घरी आलो. आई मोरीत आवराआवर करत होती. तिने विचारलं, इथं पालथं घातलेलं भगोलं कुठे गेलं, लुगड्याची उरलेली खळ ओतून तसंच ठेवलं होतं, घासायचं राहिलं होतं ते. तिने सहज विचारलं. तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, ती लगेच बादल्या आवरायला लागली. मला मात्र अंगणातलं ते भगोलं आठवलं. चुलीजवळ सकाळचं पातेलं होतं, लाडकीबायने ओतलेलं, तापवून झाकून ठेवलेलं. सगळे आडवे झाल्यावर मी चमचा राखेने तीनदा घासला. पाण्यावर थेंब टाकला, पिवळा. मग पातेल्यातलं दूध चमच्यात घेऊन त्यावर टाकला. पिवळाच राहिला. पलीकडे बाबा डाव्या कुशीवर झोपले होते. त्यांना हलवून उठवायचं आणि दोन वाक्यं बोलायची, एवढंच काम होतं. बाबा कसे होते ते मला माहीत होतं. ते तसेच सायकलवर टांग टाकून दिघाशीला गेले असते, तिच्या दारात उभे राहून माफी मागून आले असते. मी उठवलं नाही. सकाळचा तो डोक्यावरचा हात मला सोडवेना. उद्या ती येईलच, उद्या हळूच तिला सांगेन, असं मी ठरवलं, आणि पातेल्यातलं दूध विजूला पाजलं.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याभरात मी वाट बघायचं सोडलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं हेही कबूल केलं पाहिजे. चाळ डेअरीकडे परत गेली. बाबा एकदोनदा म्हणाले, बाई तशी वाटत नव्हती. मी वहीत डोकं घातलं. आयोडीनची बाटली माझ्या हातून पडून फुटली असं मी सांगितलं, खरं तर मी ती कारखान्याच्या मागे फेकून आले होते.

शिक्षण झालं, बाबांची प्रोसेस बंद पडली, आणि मला राहनाळला एका गोडाऊनच्या ऑफिसात गेटपास लिहायचं काम मिळालं. तेव्हा तिथे शेतांच्या जागी एकामागून एक गोडाऊन उभी राहत होती. गावागावांतून बायांना टेम्पोत घालून आणायचे, फाटक्या गोणीतून सांडलेली डाळ, तांदूळ झाडून निवडायला. ते झाडलेलं धान्य परत गोणीत भरून बाजारात जायचं. एके सकाळी त्या बायांत मला ती दिसली. केस पांढरे झाले होते, लुगडं तसंच गुडघ्यापर्यंत. मला वाटलं तोंड फिरवून आत जावं, आणि मी वळलेही होते. तिनेच मला ओळखलं. "दवावाली पोर ना तू?" असं म्हणून ती सूप बाजूला ठेवून उठली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. हसत होती. चाळीतल्या सगळ्यांची चौकशी केली, विजू केवढा झाला ते विचारलं. मी म्हशींचं विचारलं. ती म्हणाली विकल्या, बेबीशिवाय त्या कुणाला धार काढू देईनात. मी विचारलं, बेबी कुठे गेली?

"हाकलली," ती म्हणाली. "तू दाखवलास म्हून कलला मना. धार तीच काढायची, कॅन तीच भरायची. दुसरा कोन टाकंल पीठ? त्याच सांजेला इचारला. रडली. पोराच्या डोक्यावर हात ठेवून बोलली, मी न्हाय टाकला. मी बोलले, दवा खोटा बोलत न्हाय. दुसऱ्या दिसाला सकालच्या गाडीला बसवली, पोरासकट. पोरगा माजा मागनं गेला तिच्या, तो तिकडंच ऱ्हायला. नातू कवडा झाला, ता पन म्हाईत न्हाय." आणि मग माझ्या हातावर थोपटून म्हणाली, "तुजा काय चुकला न्हाय बाय. घरातला चोर मना कवा दिसला नसता."

तिथे उभं राहून मी तिला सगळं सांगितलं. भगोलं, लुगड्याची खळ, पातेल्यातलं दूध, पिवळा राहिलेला थेंब. मी काही गाळलं नाही. तिने माझे हात सोडले नाहीत, तसेच धरून ठेवले होते, जणू विसरली होती. ट्रकवाला गेटपाससाठी भोंगा वाजवत होता. माझं सांगून झालं तेव्हा तिने एकच विचारलं.

"तुना कवा कलला ता?"

"त्याच दिवशी," मी म्हणाले. "दुपारी."

तिने माझ्याकडे बघितलं, आणि मग सावकाश हात सोडले.

"दुपारी," ती म्हणाली. "तवा बेबी घरातच होती."